जमा कुठं आहे?

एसटीत मी ३१ वर्षं कंडक्टर होतो. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून गाडी निघायची, कधी गडचिरोली, कधी चंद्रपूर, पुढं बरीच वर्षं वर्धा. रात्री डेपोत परत आलं की तिकिटांचा आणि पैशांचा मेळ बसल्याशिवाय घरी जाता येत नसे. मेळ बसवायची ही सवय हाडात मुरली होती. २०२० च्या जूनअखेर रिटायर झालो तेव्हा सगळं बंद होतं. निरोप समारंभ नाही, हार नाही. पेटी आणि पंच जमा केले आणि तोंडाला मास्क लावून मेकोसाबागेतल्या घरी आलो. रात्री जेवण झाल्यावर हात आपोआप हिशेबाची वही शोधू लागला. म्हणून दोनशे पानी वही आणली आणि हिशेब लिहायला लागलो. पैशांचा नव्हे, दिवसाचा.

ती पहिली वही अजून कपाटात आहे. परवा काढून पाहिली. ‘नळ ४० मिनिटं उशिरा आला.’ ‘समोरच्यांनी पुन्हा आपल्या फाटकासमोर गाडी लावली.’ ‘चर्चच्या मंडळीच्या सभेत माझं बोलणं मध्येच तोडलं.’ ‘मुलीचा फोन नाही, आज चौथा दिवस.’ काही दिवशी नुसता एक शब्द: ‘गुडघा.’ अशी दीडेकशे पानं.

माझी बायको शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, २२ वर्षं मुलांना शिकवते. तिनं ती वही २०२१ च्या नाताळात घराची साफसफाई करताना वाचली. पूर्ण वाचली. चष्मा काढला आणि म्हणाली, “अहो, ह्याच्यात तर नुसता खर्चच लिहून ठेवला आहे तुम्ही. जमा कुठं आहे?”

मी म्हटलं, जमा काही झालंच नाही, तर काय लिहू?

ती म्हणाली, “चढलेल्यांची तिकिटं न लिहिता नुसते उतरलेलेच मोजले असते, तर डेपोनं ठेवलं असतं का तुम्हाला?”

मला राग आला होता, हे लपवत नाही. देवाचे उपकार मानावेत हे मला काय ठाऊक नव्हतं? आमच्या उपासनेत ‘उपकारस्तुती’ हा शब्द मी आईच्या मांडीवर बसून ऐकला आहे. पण तो रविवारचा शब्द होता. तिनं तो माझ्या धंद्याच्या भाषेत सांगितला. ज्या माणसानं ३१ वर्षं एक तिकीट हिशेबाबाहेर जाऊ दिलं नाही, त्यानं देवाच्या बाबतीत मात्र खोटा हिशेब ठेवला होता. हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी पट्टीनं पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. पहिले काही आठवडे डावी बाजू भरताना पेन अडायचं. ‘भात चांगला झाला’ असं काहीतरी लिहून सोडायचो.

पाणपोई पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या मेमध्ये सुरू झाली. तिची सुरुवात माझ्या हातून घडलेल्या एका वाईट गोष्टीतून झाली, म्हणून ती आधी सांगतो.

आमचं घर कोपऱ्यावर आहे. समोर सिमेंट रोड, फाटकाशी कडुनिंब. नागपूरचा मे ज्यानं पाहिला आहे त्याला दुपारी दोनचा सिमेंट रोड काय असतो ते सांगायला नको. कूलरसमोर डोळा लागला होता. बेल वाजली. बाहेर एक माणूस, डोक्याला ओला गमछा, हातात रिकामी बाटली. त्या दुपारी पाणी मागणारा तो तिसरा होता. मी जाळीच्या दारातूनच म्हटलं, “पुढं चौकात हॉटेल आहे.” तो काही बोलला नाही. सायकल घेऊन कडबी चौकाकडे चालत गेला. सायकल पंक्चर होती, हे मला तो वळल्यावर दिसलं.

त्या रात्री उजव्या बाजूला मी लिहिलं, ‘दुपारी तीनदा झोपमोड.’ लिहिलं आणि तिथंच थांबलो. ‘मी तान्हेला होतो’ हे प्रभूचे शब्द बायबलात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहेत, लहानपणी तोंडपाठ म्हटले होते. गार पाण्याच्या एका पेल्याबद्दलही प्रभू बोलला आहे, त्याच मत्तयात, दहाव्या अध्यायाच्या शेवटी. सोनं मागितलं नाही, देऊळ बांधायला सांगितलं नाही. पेलाभर गार पाणी. आणि नागपुरात, मे महिन्यात, माझ्या दारातून तो पेला न घेता एक माणूस गेला.

दोन दिवसांनी कुंभाराकडून दोन रांजण आणले. कडुनिंबाखाली विटांचा ओटा रचला, वर हिरवी जाळी टाकली.

पहिल्या वर्षी एक चूक केली. रांजणावर देवाचं वचन असावं असं मला वाटलं. यशयाचं घेतलं, तान्हेल्या जनांना पाण्याकडे बोलावणारं. आधी पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात दिले, त्यावर निळ्या अक्षरांत वचन, खाली चर्चचं नाव आणि क्रूस. दोन्ही रांजण असे रंगवले की लग्नातल्या कलशासारखे दिसू लागले. तिसऱ्या दिवशी एक रिक्षावाला पाणी प्यायला आणि म्हणाला, “काका, पाणी गरम काहून हाय?” मला वाटलं, ह्याला फुकटचं पाणीही फ्रीजमधलं पाहिजे. ते वहीत उजवीकडे गेलं. पण मग मी स्वतः पिऊन पाहिलं. खरंच कोमट होतं.

कुंभाराला बोलावलं. त्यानं रांजणावरून हात फिरवला आणि म्हणाला, “कातडीच झाकली तुमी रांजनाची. घाम कुठून येईन त्याले?”

भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी झिरपतं, बाहेरच्या कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडची मेमधली हवा कोरडी खडखडीत, म्हणून इथं रांजणही चालतो आणि वाळ्याचा कूलरही. जूनमध्ये आभाळ भरून आलं, हवा दमट झाली की दोघंही मंद होतात. मी तर मेमध्येच छिद्रं बुजवून टाकली होती. आम्ही नवरा-बायकोनं दोन संध्याकाळी बसून काचकागदानं रंग खरवडला. अर्धा निघाला, अर्धा नाही. शेवटी नवे रांजण आणले. बायको म्हणाली, “वचन त्यांनी वाचावं असं तुम्हाला वाटत होतं. त्यांना पाणी प्यायचं होतं.” तेव्हापासून आमच्या पाणपोईवर काहीही लिहिलेलं नाही.

हे सगळं फार गोड वाटू नये म्हणून खर्चाची बाजूही सांगतो. पहिल्याच उन्हाळ्यात चार स्टीलचे ग्लास गेले, साखळीसकट. मग ग्लास बंद करून लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं, ओंजळीत किंवा बाटलीत ओतून घ्यायचं. गाई तोंड घालतात म्हणून झाकणावर वीट ठेवावी लागते. आणि खर्रा, तंबाखू-सुपारीचा. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. तोंडातला खर्रा थुंकल्याशिवाय पाणी पिता येत नाही आणि थुंकायला ओट्याइतकी सोयीची जागा नाही. रोज पहाटे नळ येतो तेव्हा आधी ओटा धुवायचा, मग कालचं उरलेलं पाणी कडुनिंबाला घालायचं, रांजण आतून काथ्यानं घासायचा, साबण लावायचा नाही, मग सहा-सात कळशा भरायच्या, बाहेरून तरट भिजवून गुंडाळायचं. ह्या उन्हाळ्यात हे करायला लागून चौथं वर्ष.

काल भरलेलं पाणी आज ठेवत नाही. ते ओतताना मला दर वेळी बायबलातला मान्ना आठवतो, देवानं दिलेलं अन्न. रानात इस्राएल लोकांना देव रोज सकाळी तेवढ्या दिवसापुरता द्यायचा, आणि ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. त्याच लोकांना पुढं मान्नाचा कंटाळा आला. मिसर देशातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून ते रडू लागले. लहानपणी मला ह्या लोकांचं हसू यायचं. आता येत नाही. गुलामीतल्या काकड्या त्यांच्या बरोबर लक्षात होत्या आणि पाठीवरचा मार विसरला होता. माझी पहिली वही ह्याच्या उलट. मला फक्त मार लक्षात होता.

शास्त्रात ह्या सगळ्याला ‘कुरकुर’ हा साधा घरगुती शब्द आहे. फिलिप्पैकरांना पौलानं लिहिलं की जे काही कराल ते कुरकुर व वादविवाद न करता करा. लिहिताना तो स्वतः कैदेत होता. आणि त्याच फिलिप्पै शहरात आधी एकदा फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले असताना, त्यानं आणि सीलानं मध्यरात्री तुरुंगात स्तोत्रं गायली होती. त्या मंडळीतल्या कोणी ‘तुम्हाला सांगायला काय जातंय’ असं म्हटलं नसणार.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, कारण आमच्या लोकांत ह्याचा घोटाळा होतो. कुरकुर करू नये म्हणजे अन्याय दिसला तरी गप्प बसावं असं नाही. आमच्या गल्लीतली पाइपलाइन फुटली तेव्हा मी अर्ज लिहिला, सह्या घेतल्या, पोच घेतली, चार चकरा मारल्या. अर्जावर नाव असतं, तारीख असते, काय पाहिजे ते लिहिलेलं असतं. गाडीत मी दोन्ही तऱ्हेचे प्रवासी पाहिले. एक खाली उतरून कंट्रोलरकडून तक्रारवही मागून घेणारा. त्याच्याबद्दल मला मान होता, तक्रार माझ्याविरुद्ध असली तरी. दुसरा बुटीबोरीपासून वर्ध्यापर्यंत शेजाऱ्याच्या कानात बोलत राहणारा. वर्धा आलं की तो आणि शेजारी दोघंही थकलेले.

बुटीबोरीवरून आठवलं. त्या बाजूनं गाडी जायची तेव्हा पावसाळ्यात मला हमखास हिस्लॉपसाहेबांची आठवण यायची. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, शाळा काढली, विदर्भाचे दगड आणि जीवाश्म गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची पुरातन दगडी वर्तुळं पाहून बोरीकडे येताना नाल्याच्या पुरात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं ते त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये. ते त्यांनी पाहिलं नाही. माझे बाबा हे सांगायचे आणि थांबायचे. बाबा नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० ला, सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली त्या दिवशी हजर होते. मी आठ वर्षांचा होतो. ‘ऐक्य, साक्ष, सेवा’ हे मंडळीचं ब्रीद ते घरी म्हणत तेव्हा ‘सेवा’ ह्या शब्दाशी आवाज खाली जायचा. का, ते मला २०२३ मध्ये थोडं कळलं.

त्या वर्षी प्रभुभोजनाच्या गुरुवारी, ६ एप्रिलला, चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होता. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुणार होते. त्या बारांत माझं नाव होतं. मी घरून साबणानं पाय घासून, नखं कापून, नवे मोजे घालून गेलो. पाळकसाहेबांनी पाणी ओतलं, टॉवेलनं पुसलं, आणि मला फार भरून आलं. रात्री जमेच्या बाजूला चार ओळी लिहिल्या.

मे महिन्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या दोन-तीन दिवस आधी, दुपारी खिडकीतून पाहिलं तर बांधकामावरची एक बाई ओगराळ्यानं पाणी घेऊन पोराच्या पायांवर ओतत होती. एकामागून एक, सात-आठ ओगराळी. मी धावत बाहेर गेलो. “अहो बाई, पिण्याचं पाणी आहे ते! पाय काय धुता?” ती दचकली, ओगराळं ठेवून पोराला उचलू लागली. पोरगं चारेक वर्षांचं, अनवाणी. उचलताना त्याचे तळवे माझ्यासमोर आले. दोन्ही तळव्यांना फोड, एक फुटलेला. छिंदवाड्याकडची बाई होती. रस्त्यात चप्पल तुटली म्हणाली आणि पोराला काही अंतर सिमेंटवरून चालावं लागलं.

मी तसाच उभा राहिलो. माझ्या आवाजानं बायको बाहेर आली होती. तिनं काहीही न विचारता आतून टब आणला, नळाचं पाणी सोडलं, जमिनीवर बसली आणि पोराचे पाय टबात घेतले. पोरगं आधी किंचाळलं, मग शांत झालं. मला वाकता आलं नाही. गुडघ्यामुळे, असं त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं. मी पाण्याचा मग हातात धरून उभा होतो आणि ती मागेल तसं पाणी देत होतो. सहा आठवड्यांपूर्वी धुतलेल्या माझ्या स्वच्छ पायांची मला त्या वेळी इतकी लाज वाटली की अजून ते मोजे घातले की आठवतं.

तेव्हापासून ओट्याच्या बाजूला एक बादली पाय धुवायला असते. आणि बायकोनं घरोघरून जुन्या पण धड चपला गोळा करायला सुरुवात केली, लहान मुलांच्या जास्त. फाटकाच्या आत एक खोकं असतं. मापाची मिळाली तर न्यावी.

२०२४ च्या फेब्रुवारीत तिच्या छातीत गाठ निघाली. तपासणीचा निकाल आला तो वाईट होता. दर २१ दिवसांनी एक, अशा सहा केमो ठरल्या, पहिली मार्चच्या मध्यावर. मी त्या रात्री वहीत डावीकडे काही लिहिलं नाही. उजवीकडे काय लिहिलं ते इथं सांगत नाही. पाळकसाहेब घरी आले तेव्हा मी त्यांना तोंडावर म्हटलं, “साहेब, आता मला कुरकुर करू नका म्हणून सांगू नका.” त्यांनी सांगितलं नाही. तेरावं स्तोत्र काढून वाचलं. परमेश्वरा, कोठवर? कोठवर तू मला विसरणार? मी म्हटलं, हे गाऱ्हाणंच आहे ना? ते म्हणाले, “आहे. पण कोणाजवळ केलं आहे ते पाहा. रानात इस्राएलांनी आपापल्या तंबूत बसून कुरकुर केली. दावीदानं देवाच्या समोर जाऊन विचारलं.” एवढं बोलून चहा घेऊन ते गेले. त्यानंतर कितीतरी पहाटे ओटा धुता धुता मी देवाला मोठ्यानं विचारलं आहे. रस्त्यावर कोणी नसायचं. उत्तर आलं असं मी म्हणणार नाही. पण विचारायला समोर कोणीतरी आहे, हे त्या दिवसांत मला जितकं खरं वाटलं तितकं कधीच वाटलं नव्हतं.

पहिल्या केमोच्या दिवशी पहाटे पाच वाजता निघालो. नळ यायचा होता. रांजण कोरडे राहिले. यंदा बंद ठेवू, असं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. संध्याकाळी तिला धरून रिक्षातून उतरवलं तर तरट ओलं होतं. झाकणावर वीट होती. ओटा धुतलेला.

शेजारच्या वहिनी बौद्ध आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या लोकांना पाणी द्यायला त्या दर वर्षी उभ्या राहतात. त्यांनी आणि त्या रिक्षावाल्यानं, पाणी गरम काहून हाय म्हणणाऱ्या त्याच भावानं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वार वाटून घेतले होते. मी आभार मानू लागलो तर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमी दवाखान्याचं पाहा ना. पाण्याचं आमी पाहून राहिलो.” रिक्षावाला भाऊ मुसलमान. तेव्हा रमजान चालू होता. तो पहाटे सेहरी करून, दिवसभर स्वतः पाण्याचा थेंब न घेता, दुसऱ्यांसाठी आमचे रांजण भरत होता. मी म्हटलं, तुझा रोजा आहे, तू कशाला? तो म्हणाला, “चाचा, प्यास क्या होती है, अभी तो मालूम है.”

त्या रात्री डावीकडची बाजू पान उलटून मागं गेली.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. केस परत आले आहेत, पांढरे आणि थोडे कुरळे. ती पुन्हा रविवारी मुलांना शिकवते, बसून. गेल्या आठवड्यात रक्त दिलं आहे, सोमवारी सकाळी नऊला रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचं आहे. ह्या वेळी वार कोणाकडे देऊ नका, असं तिनं मला बजावलं आहे. रांजण भरूनच निघायचं. म्हणजे नळाच्या आधी उठणं आलं, आणि ओगराळ्याचा दांडा ढिला झाला आहे तो रविवारीच ठोकून घ्यावा लागेल.